फुकट खेळाचे अर्थशास्त्र

(द्वितीय वर्ष कला)

अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आपण शिकतो, की वस्तूची किंमत मागणी व पुरवठा ह्यांवरून ठरते आणि किंमत शून्यावर आली की विक्रेता बाजारातून उठून जातो. उत्तरपत्रिकेत असे लिहिले की गुणही मिळतात. परंतु आजच्या जगात एक बाजार असा आहे, की जेथे माल बहुधा फुकट वाटला जातो आणि वाटणारे मात्र आपल्या देशातील सर्वांत श्रीमंत माणसांत गणले जातात. हा बाजार चीनमधील ऑनलाइन खेळांचा होय. २०२४ साली तेथे ह्या खेळांची उलाढाल सुमारे ३२,५७८ कोटी युआन झाली आणि खेळणाऱ्यांची संख्या ६७ कोटी ४० लाखांच्या घरात होती. भागाकार केला तर दर माणशी वर्षाला सुमारे ४८३ युआन पडतात. युआनचे बारा रुपये धरले तर ही रक्कम ५,८०० रुपयांच्या आसपास जाते. गंमत अशी, की ह्यांतील कित्येकांनी एक पैसाही दिलेला नाही. मग हे पैसे देतो कोण, आणि का देतो?

कलाशाखेच्या विद्यार्थिनीला हा विषय कुठून सुचला, असे कोणी विचारील. प्रश्न माझा नव्हे, आमच्या अण्णांचा आहे. जत्रेत रिंगा टाकण्याचे पाल लावणे हा आमचा घरचा धंदा. गेल्या दोनतीन हंगामांत असे दिसू लागले, की पोरे पालापुढे उभी असतात खरी, पण माना मोबाइलमध्ये. अण्णांनी मला विचारले, "कालेजात शिकतीस, तर येवढं सांग. फुकट खेळायला दिऊन त्येंचं प्वाट कसं भरतं?" घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा उत्तर देणे भागच होते. ते शोधताना मी चीनपर्यंत जाऊन पोचले. फुकट खेळाची युक्ती आधी कोरियात निघाली, पण तिचा प्रचंड बाजार उभा केला तो चीनने.

चोरीच्या पोटी जन्म

१९९० नंतरच्या दशकात चीनमध्ये संगणकावरचे खेळ तबकडीच्या रूपाने विकले जात. एक तबकडी बाजारात आली, की थोड्याच दिवसांत तिच्या चोरट्या नकला रस्त्याच्या कडेला चारदोन युआनला मिळू लागत. खेळ तयार करणाऱ्याचा खर्चही निघत नसे. त्यातच जून २००० मध्ये सरकारने दूरदर्शन संचाला जोडून खेळायच्या यंत्रांच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. लहान मुलांवर वाईट परिणाम होतो, हे त्याचे कारण सांगण्यात आले. ही बंदी २०१४ पर्यंत टिकली. म्हणजे जपान-अमेरिकेत ज्या मार्गाने हा धंदा वाढला, तो मार्ग चीनमध्ये बंद झाला.

उरला तो संगणक. तोही घरोघर नव्हता; परंतु गल्लोगल्ली इंटरनेट कॅफे निघाले होते. चिनी भाषेत त्यांना 'वांगबा' म्हणतात. तासाला एकदोन युआन दिले की विद्यार्थी, कामगार, बेकार तरुण, कोणीही तेथे बसू शकत असे. ह्या जागा काही सुखाच्या नव्हत्या. जून २००२ मध्ये पेइचिंगच्या हायडियन भागातील एका विनापरवाना कॅफेला आग लागली आणि २५ जण मरण पावले. त्यानंतर देशभर कॅफेंवर कडक नजर ठेवण्यात आली. गर्दी मात्र हटली नाही.

ह्याच कॅफेत ऑनलाइन खेळ रुजला. त्याची मेख अशी, की खेळाचा अर्धा भाग खेळणाऱ्याच्या संगणकावर असतो आणि उरलेला, खरा जीव असलेला भाग कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असतो. तबकडीची नक्कल कोणी खुशाल करावी. सर्व्हरमध्ये प्रवेश मिळाल्याशिवाय तिचा उपयोग शून्य. उलट जितक्या नकला अधिक तितकी जाहिरात अधिक! ज्या चोरीने जुना धंदा मारला, तीच नव्या धंद्याची फुकट जाहिरातदार ठरली.

तासावर विकलेला खेळ

शांघायमधील शांडा ही कंपनी १९९९ साली चेन तियानछ्याव ह्याने काढली. तो फुदान विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा पदवीधर. २००१ साली त्याने 'लेजंड ऑफ मीर २' ह्या कोरियन खेळाचे चीनमधील हक्क घेतले. खेळ होता, कॅफे होते, गिऱ्हाईक होते; अडचण होती पैसे घेण्याची. क्रेडिट कार्ड फारच थोड्यांकडे होते. त्यावर आधी पैसे भरून घ्यायच्या कार्डाचा तोडगा निघाला. वर्तमानपत्राच्या टपरीवर किंवा कॅफेच्या गल्ल्यावर कार्ड विकत घ्यायचे, त्यावरचा क्रमांक खेळात भरायचा आणि तितके तास खेळायचे. 'मीर'चे ३५ युआनचे कार्ड १२० तास चाले. म्हणजे तासाला युआनचा तिसरा हिस्सादेखील पडत नसे. कॅफेचा मालक आपोआप कंपनीचा अडत्या झाला. मे २००४ मध्ये शांडाचे शेअर अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दाखल झाले.

ग्वांगजौची नेटईज ही दुसरी कंपनी. १९९७ साली दिंग लेई ह्याने स्थापन केलेल्या ह्या कंपनीच्या शेअरची किंमत २००१ मध्ये एक डॉलरच्याही खाली घसरली आणि नॅसडॅकने तिच्या शेअरचे व्यवहार काही महिने थांबवले. तिला पुन्हा उभे केले ते मोबाइल संदेशसेवेने व खेळांनी. २००३ साली दिंग लेई चीनमधील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून जाहीर झाला. तेव्हा तो अवघा ३२ वर्षांचा होता.

२००५ साली अमेरिकेचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' चीनमध्ये आला. इतर देशांत त्याची महिन्याची वर्गणी होती. चीनमध्ये मात्र ३० युआनला ४,००० मिनिटे अशा हिशेबाने तो विकला गेला. आपल्याकडे शाम्पूची बाटली न परवडणाऱ्यासाठी पुडी निघाली, त्यातलाच हा प्रकार. हातात रोज थोडे पैसे येणाऱ्या माणसाला महिन्याचा आकडा भिववतो, मिनिटांचा भिववत नाही.

ह्या पद्धतीत एक न्याय होता: गरीब आणि श्रीमंत एकाच दराने खेळत. परंतु व्यापाऱ्याच्या दृष्टीने हाच तिचा दोष होता. दिवसाचे तास चोवीसच. कितीही श्रीमंत गिऱ्हाईक असले तरी त्याच्याकडून चोवीस तासांपलीकडे काय घेणार? शिवाय खेळणारे आपसांत तलवारी, चिलखते आणि खेळातले सोने खऱ्या पैशांनी विकू लागले होते. कित्येक तरुण पाळीपाळीने बसून खेळातले सोने कमवत आणि परदेशांतील हौशी गिऱ्हाइकांना ते विकून पोट भरत. हा पैसा कंपनीच्या दारावरून जाई, पण आत येत नसे.

प्रवेश फुकट, पाळण्याला पैसे

नोव्हेंबर २००५ मध्ये शांडाने आपले प्रमुख खेळ फुकट केल्याचे जाहीर केले. तासाचे पैसे बंद. पैसे पडणार ते खेळातल्या वस्तूंना. सुरुवातीला उत्पन्न घसरले आणि लोकांनी वेड्यात काढले. पुढे गाडी सावरली. परंतु ही पद्धत टोकाला नेली ती श यूजू ह्याने. हा गृहस्थ आधी जूहाय शहरात सत्तर मजली इमारत बांधायला निघाला होता. ती थोड्याच मजल्यांवर थांबली, तो कर्जात बुडाला, मग आरोग्यवर्धक औषध विकून त्याने ते कर्ज फेडले. २००६ साली त्याच्या जायंट कंपनीने 'जंगथू' हा खेळ आणला. मोठ्या शहरांच्या मागे न लागता त्याने लहान गावांतल्या कॅफेंत माणसे पाठवून भित्तिपत्रके लावली. पुढच्याच वर्षी ह्या खेळात एकाच वेळी दहा लाखांहून अधिक लोक असल्याचे सांगण्यात आले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात पोचले.

हे गणित समजण्यासाठी जत्रेइतके चांगले उदाहरण नाही. जत्रेला प्रवेश फी नसते. दहा हजार माणसे येतात, त्यांतली निम्मी नुसती हिंडतात. तरीही त्यांच्यावाचून जत्रा होत नाही. रिकाम्या मैदानात आकाशपाळण्यात एकटे बसायला कोणालाच आवडणार नाही. आपण वर गेलो की खालून कोणी तरी पाहायला हवे. 'जंगथू'मध्ये फुकट खेळणारा हा खालून पाहणारा होता. श्रीमंत खेळाडू पैसे देऊन बलाढ्य शस्त्रे घेई आणि त्याला हरवायला, मिरवायला व दरारा बसवायला समोर हजारो गरीब खेळाडू लागत. म्हणजे फुकट खेळणारा गिऱ्हाईक नव्हता, तो मालाचाच एक भाग होता! कंपनीने त्याला खेळ फुकट दिला नव्हता; त्याच्या हजेरीची मजुरी खेळाच्या रूपाने दिली होती.

अण्णांच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर. सर्वांनी पैसे द्यावेत, अशी ह्या धंद्याची अपेक्षाच नसते. थोड्यांनी पुष्कळ द्यावे आणि बाकीच्यांनी गर्दी करावी, एवढे पुरते.

वेष विकणारा व्यापारी

तिसरी रीत अधिक सौम्य, आणि म्हणूनच अधिक यशस्वी. शेनचेन येथील टेन्सेंट ही कंपनी १९९८ साली मा ह्वाथंग व त्याच्या चार सहकाऱ्यांनी स्थापन केली. तिचा मूळ धंदा खेळ नव्हे, गप्पा. क्यूक्यू ही तिची संदेशसेवा कोट्यवधी तरुण फुकट वापरत. २००२ साली तिने 'क्यू नाणे' काढले. ते देऊन पडद्यावरच्या आपल्या चित्राला कपडे, केशभूषा, चष्मा घेता येई. ज्या मुलाच्या अंगावर खरा कोट नव्हता, तो पडद्यावर कोट घालून मित्रांना दिसू लागला. येथेच टेन्सेंटला कळले, की माणूस जिंकण्यासाठी पैसे देतो त्याहूनही आनंदाने दिसण्यासाठी देतो.

२०१५ साली आलेला तिचा 'ऑनर ऑफ किंग्ज' हा मोबाइलवरचा खेळ ह्याच तत्त्वावर चालतो. पाचपाच जणांचे दोन संघ लढतात. पैसे देऊन मुख्यतः योद्ध्याचा वेष बदलता येतो. जिंकायला कौशल्यच लागते. त्यामुळे गरीब खेळाडू चिडून निघून जात नाही, आणि त्याचे मित्र आधीच टेन्सेंटच्या संदेशसेवेत असल्यामुळे त्याला सोडवतही नाही. २०२० साली हा खेळ रोज सरासरी दहा कोटी लोक खेळत असल्याचे कंपनीने जाहीर केले. एकेका वेषाची किंमत थोडीच. पण दहा कोटींचा गुणाकार कोणाही वाण्याला समजतो.

ह्यात जागेचे भाडेही असते. चीनमध्ये गूगलचे ॲपदुकान चालत नाही. मोबाइल तयार करणाऱ्या कंपन्यांची स्वतःची दुकाने असतात आणि खेळाच्या उत्पन्नातील निम्म्यापर्यंत वाटा ती घेत आली आहेत. जत्रेत मोक्याच्या जागेचे भाडे देऊन पाल लावणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सोडत

चौथी रीत नशिबाची. शांघायच्या जियाओथोंग विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी काढलेल्या मिहोयो कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये 'गेन्शिन इम्पॅक्ट' आणला. सुंदर प्रदेश, उत्तम संगीत, सगळे फुकट. परंतु आवडते पात्र हवे असेल तर सोडत काढावी लागते. सर्वांत दुर्मीळ पात्र अथवा शस्त्र एका सोडतीत निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे. म्हणजे हजार चिठ्ठ्यांत सहा. मात्र ८९ वेळा काही निघाले नाही तर नव्वदाव्या वेळी ते हमखास मिळते. ही हमी धरून एकंदर शक्यता १.६ टक्के होते, म्हणजे सरासरी बासष्ट-त्रेसष्ट सोडतींमागे एक.

ही हमी दयेपोटी दिलेली नाही. आमच्या पालावर लहान पोराच्या सगळ्या रिंगा वाया गेल्या तर अण्णा त्याला एक फुगा देतात. कारण रडत गेलेले पोर पुढच्या वर्षी पालाकडे फिरकत नाही. गिऱ्हाइकाने अगदी निराश होऊ नये, इतपतच त्याला जिंकू द्यायचे, हे व्यापाराचे जुने शहाणपण आहे. फरक एवढाच, की सत्तर सोडती केलेला खेळाडू "आता वीसच राहिल्या" असे म्हणून पुढे जातो. हमी म्हणजे एकाच वेळी दिलासाही आहे आणि आमिषही.

१ मे २०१७ पासून चीनमध्ये अशा सोडतींतील शक्यता जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक झाले. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. अण्णांच्या पालावर घड्याळाखालचा ठोकळा रिंगेपेक्षा किंचितच लहान असतो. कोणी शंका घेतली, तर अण्णा स्वतः रिंग बसवून दाखवतात. रिंग बसते, पण किती कठीण बसते, हेही त्याच वेळी डोळ्यांना दिसते. पडद्यामागचा ठोकळा मात्र कोणालाच दिसत नाही. तेथे आकडा छापून घेणे, हाच एक उपाय.

सरकारची छडी

चीनमध्ये कोणताही खेळ सरकारी परवाना क्रमांकावाचून पैसे कमावू शकत नाही. टेन्सेंटचा 'पब्जी मोबाइल' तेथे अफाट लोकप्रिय झाला, पण हा क्रमांक मिळाला नाही. मे २०१९ मध्ये त्याच्या जागी 'शांततेचे शिलेदार' अशा अर्थाच्या नावाचा खेळ आला. त्यात गोळी लागलेला मनुष्य रक्तबंबाळ न होता हात हलवून निरोप घेतो! २०१८ मध्ये मार्चपासून डिसेंबरपर्यंत आणि पुन्हा जुलै २०२१ ते एप्रिल २०२२ ह्या काळात परवाने देणेच थांबले होते. मोठ्या कंपन्या तगल्या. अनेक लहान कंपन्यांना टाळे लागले.

मुलांबाबतचे नियम तर वाढतच गेले. २००७ च्या नियमानुसार तीन तासांनंतर खेळातली कमाई निम्मी होई आणि पाच तासांनंतर शून्य. २०१९ मध्ये अल्पवयीनांना शाळेच्या दिवशी दीड तास एवढी मर्यादा आली; खर्चालाही आठ ते सोळा वर्षांपर्यंत महिन्याला २०० युआन आणि सोळा ते अठरापर्यंत ४०० युआन अशी सीमा ठरली. ३० ऑगस्ट २०२१ रोजी आणखी कडक आदेश निघाला: अठरा वर्षांखालील मुलांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तासभर खेळावे. मुलांनी आजीआजोबांच्या नावाने प्रवेश करण्याची पळवाट काढली, हे सांगायला नकोच.

परंतु सर्वांत बोलका प्रसंग २२ डिसेंबर २०२३ चा. त्या दिवशी सरकारने एक मसुदा प्रसिद्ध केला. रोज खेळात हजेरी लावल्याबद्दल बक्षीस नको, पहिल्यांदा पैसे भरल्याबद्दल बक्षीस नको, खर्चाला मर्यादा हवी, असे त्यात म्हटले होते. एका दिवसात टेन्सेंटच्या शेअरची किंमत बारा टक्क्यांहून अधिक आणि नेटईजची सुमारे एक चतुर्थांश घसरली. पुढच्याच महिन्यात तो मसुदा संकेतस्थळावरून नाहीसा झाला. मुलांचे तास कापले तेव्हा बाजार फारसा डगमगला नव्हता. प्रौढांच्या सवयीच्या दोऱ्या कापायचे नाव निघताच तो कोसळला. धंद्याचा प्राण कोठे आहे, हे त्या एका दिवसाने दाखवून दिले.

एकच यात्री, दोन व्यापार

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगते. सातव्या शतकात युआन श्वांग हा चिनी भिक्षू भारतात आला. तो महाराष्ट्रातही आला होता. पुलकेशी राजाचा पराक्रम, येथील लोकांची कृतज्ञता आणि अपमानाचा सूड घेण्याची वृत्ती ह्यांविषयी त्याने लिहून ठेवले. त्याच्या यात्रेवर चीनमध्ये पुढे दंतकथा रचल्या गेल्या आणि सोळाव्या शतकात 'पश्चिमेची यात्रा' ही कादंबरी तयार झाली. तिच्यातला वानरवीर सुन वूखोंग चिनी मुलांना आपल्या मारुतीइतका परिचित आहे.

नेटईजला वर काढणारे खेळ ह्याच कथेवरचे होते, आणि त्यात ही यात्रा तासाच्या दराने विकली गेली. २० ऑगस्ट २०२४ रोजी तीच कथा घेऊन गेम सायन्स कंपनीचा 'ब्लॅक मिथ : वूखोंग' आला. चीनमध्ये त्याची किंमत २६८ युआन. एकदा पैसे द्या आणि खेळा. सोडत नाही, रोजची हजेरी नाही. पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. चोरीमुळे जी जुनी, सरळ विक्री एके काळी बुडाली होती, ती वीस वर्षांनी पुन्हा उभी राहू शकते, हे त्यावरून दिसले. अर्थात एका खेळाने बाजार बदलत नाही. पण दुसरा रस्ता आहे, एवढे तरी सिद्ध झाले.

आपल्यापुढचा प्रश्न

आपल्या सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी 'पब्जी मोबाइल'सह ११८ ॲपांवर बंदी घातली. पुढच्या वर्षी त्याच धर्तीचा खेळ कोरियन कंपनीच्या नावाने परतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो आवश्यकच होता. परंतु वर वर्णिलेल्या रीतींत खेळाडूला पैसे परत मिळतच नाहीत. त्याला मिळतो तो वेष, तलवार किंवा पात्र. त्यामुळे हा व्यापार जुगाराच्या व्याख्येबाहेर राहतो, आणि मनावरची त्याची पकड मात्र सुटत नाही.

खेळूच नये, असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. दिवसभर ऊसतोड करून आलेल्या पोराने घटकाभर खेळावे, ह्यात पाप ते कोणते? पण त्याच्याकडून काय घेतले जात आहे, हे त्याला माहीत असले पाहिजे. तास विकणारा व्यापारी निदान दर सांगत होता. फुकट देणारा दर सांगत नाही. तो गर्दी घेतो, सवय घेतो, शेजाऱ्याचा हेवा घेतो आणि त्यातून पैसे काढतो. कारखाने, शेती आणि बँका ह्यांचे अर्थशास्त्र आपण शिकतो. आपल्याच खिशातल्या ह्या बाजाराचे एक पान अभ्यासक्रमात असू नये काय? प्राध्यापकांनी ह्यावर विचार करावा, आणि माझ्या सहाध्यायी मित्रमैत्रिणींनी पुढच्या वेळी 'फुकट' हा शब्द पडद्यावर दिसला, की क्षणभर थांबून एवढेच विचारावे: येथे मी गिऱ्हाईक आहे, की माल?